कागदी शंख कोणाचा?

भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यावर कधीं कधीं एक विलक्षण शंख लाटांबरोबर वाहत येतो. तो पांढराशुभ्र, कागदासारखा पातळ आणि इतका नाजूक असतो कीं, निष्काळजी बोटांच्या दाबानेंहि त्याचा चुरा व्हावा. त्यांत राहणारा प्राणी अष्टपादाच्या, म्हणजे ऑक्टोपसच्या, कुळांतला असून त्याला आर्गोनॉट असें नांव आहे. प्राचीन ग्रीकांची अशी समजूत होती कीं, समुद्र शांत असला म्हणजे हा प्राणी वर येतो, आपल्या दोन रुंद भुजांचें शीड उभारतो, बाकीच्या भुजांचीं वल्हीं करतो आणि शंखाच्या होडींतून विहार करतो. ॲरिस्टॉटलनें ही हकीकत नमूद केली आहे. मात्र या शंखाची उत्पत्ति कशी होते याचा समाधानकारक उलगडा झालेला नाहीं, असेंहि त्यानें प्रांजळपणें लिहून ठेविलें.

तो उलगडा व्हावयास दोन हजारांहून अधिक वर्षें लागलीं, आणि अखेर तो झाला तो सिसिली बेटांतील मेसिना बंदरांत, एके काळीं शिवणकामावर पोट भरणाऱ्या एका स्त्रीच्या हातून.

वाद कशाचा होता, हें प्रथम पाहिलें पाहिजे. गोगलगाय आपल्या शंखाला स्नायूनें जखडलेली असते; शंख तिच्या देहाचाच भाग होय. आर्गोनॉटचें तसें नाहीं. तो शंखाला कोठेंच चिकटलेला नसतो. शिवाय त्याचे भाऊबंद जे इतर अष्टपाद, त्यांना शंख मुळींच नसतो. कोंकणच्या किनाऱ्यावर मेलेल्या गोगलगाईचा शंख पाठीवर घेऊन धांवणारा खेकडा पुष्कळ श्रोत्यांनीं पाहिला असेल. आर्गोनॉटहि तसाच उपऱ्या असावा, कोणा अज्ञात प्राण्याचें घर बळकावून तो त्यांत राहत असावा, असा तर्क पुष्कळ पंडितांनीं केला. फ्रान्समधील ब्लॅनव्हिल हे विख्यात प्राणिशास्त्रज्ञ या पक्षाचे अग्रणी होते. शंख प्राण्याचा स्वतःचाच, असें म्हणणारा दुसरा पक्षहि होता. परंतु दोन्ही पक्षांचा आधार मुख्यतः एकच होता, तो म्हणजे मद्यार्काच्या बाटलींत बुडविलेले मृत प्राणी. आणि मृत प्राणी आपलें घर कसें बांधतो, हें कधींच सांगत नाहीं.

झान व्हिलप्रे हिचा जन्म १७९४ सालीं फ्रान्समधील झ्युयाक या लहानशा गांवीं झाला. तरुणपणीं ती पॅरिसला गेली आणि एका पोषाख शिवणाऱ्या दुकानांत कामाला लागली. १८१६ सालीं सिसिलीच्या एका राजकन्येचा विवाह फ्रान्सच्या राजघराण्यांत झाला. त्या विवाहाच्या पोषाखामुळें झानचें नांव झालें. पुढें जेम्स पॉवर या व्यापाऱ्याशीं तिची ओळख झाली, १८१८ सालीं मेसिना येथें त्यांचा विवाह झाला आणि तेथेंच तिनें संसार थाटला. शाळा-विद्यापीठांचें शिक्षण तिला नव्हतें. पण हातांत बारीक कामाची संवय होती आणि दृष्टींत चिकाटी होती. सिसिलीच्या वनस्पति, फुलपांखरें, शिंपले व जीवाश्म यांचा अभ्यास तिनें स्वतःच आरंभिला.

आर्गोनॉटचा प्रश्न हातीं घेतल्यावर तिच्या ध्यानांत आलें कीं, हा प्राणी जिवंत आणि स्वस्थ असेल तरच कांहीं सांगेल. तेव्हां १८३२ सालापासून तिनें त्याच्यासाठीं निवारे तयार करविले. त्यांचे तीन प्रकार होते. एक, घरांत ठेवावयाची कांचेची पेटी, जींत समुद्राचें पाणी भरून लहान जीव पाहतां येत. दुसरा, बाहेर पिंजरा व आंत कांच असलेली पेटी, जी समुद्रांत बुडवून पुन्हां वर काढतां येई. तिसरा, मोठा पिंजरा, जो नांगरांच्या साहाय्यानें समुद्रांतच ठराविक खोलीवर स्थिर ठेवीत. त्यांत प्राणी जवळजवळ आपल्या नेहमींच्याच पाण्यांत राहत. आज शहरोशहरीं दिसणाऱ्या मत्स्यालयांचा उगम या पेट्यांत आहे.

या व्यवस्थेंतील शहाणपण विचार करण्याजोगें आहे. भ्यालेला किंवा मरणोन्मुख प्राणी शंख सोडून देतो. तसा प्राणी पाहणाऱ्याला "हा उपराच" असेंच वाटणार! म्हणजे पंडितांची चूक केवळ तर्काची नव्हती. प्राण्याच्या हालअपेष्टांनाच ते त्याचा स्वभाव समजले होते. मेसिनाच्या पेट्यांत प्राण्यांना स्वच्छ वाहतें पाणी व खाद्य मिळालें, आणि त्यांचें खरें वर्तन दिसूं लागलें.

झाननें अंड्यांतून बाहेर पडलेलीं पिलें पाहिलीं. जन्मतः त्यांना शंख नव्हता. पुढें वाढींत तो त्यांच्याच अंगच्या द्रव्यापासून तयार होऊं लागला. मग तिनें कांहीं प्राण्यांच्या शंखाचे तुकडे मोडून काढले. प्राण्यानें आपल्या दोन रुंद भुजा त्या भोंकावर पसरल्या, त्यांतून द्रव स्रवला, पातळ पडदा धरला आणि भोंक बुजलें. ग्रीकांनीं ज्यांना शिडें मानिलें होतें, त्या भुजा वास्तविक गवंड्याचे हात होते. तिला असेंहि आढळलें कीं, शंख असलेल्या साऱ्या माद्याच आहेत. शंख म्हणजे मुख्यतः अंडीं सांभाळण्याचें घर होय. नर इतका लहान असतो कीं, १८२९ सालीं त्याची तुटलेली भुजा मादीपाशीं सांपडली तेव्हां क्यूव्हिएसारख्या थोर शास्त्रज्ञानें तिला एक परोपजीवी कृमि समजून वेगळें नांव दिलें होतें. खऱ्या नराचें वर्णन हाइन्रिश म्यूलर यानें १८५३ सालीं केलें.

कातानिया येथील विद्वत्सभेनें झानच्या संशोधनाचा आदर केला, आणि १८३९ सालीं लंडनमध्यें रिचर्ड ओवेन यांनीं तिचे नमुने व निष्कर्ष प्राणिशास्त्रज्ञांपुढें मांडले. वाद तिच्या बाजूनें मिटला. पण त्याआधींच, १८३८ सालीं, तिचा संग्रह व चित्रें घेऊन निघालेलें जहाज बुडालें होतें. वर्षानुवर्षांचे श्रम ज्या समुद्रांतून आले त्याच समुद्रांत गेले. १८७१ सालीं आपल्या जन्मगांवींच तिचा अंत झाला.

तिची युक्ति मात्र जगभर पसरली, आणि तिच्याबरोबर एक नवा दोषहि पसरला. १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत सार्वजनिक मत्स्यालय उघडलें. पुढील वर्षीं फिलिप गॉस यांचें या विषयावरील पुस्तक निघालें, आणि इंग्लंडांत घरोघरीं कांचेचे हौद मांडण्याचें वेड लागलें. हौशी लोकांनीं खडकांच्या कपारी ओरबाडून रिकाम्या केल्या. गॉस यांच्याच पुत्रानें १९०७ सालीं या नासाडीबद्दल हळहळ व्यक्त केली आहे. पेटी तीच, परंतु मेसिनाची चिकाटी व निगा तींत नव्हती.

कायद्याला तर या प्राण्यांची वेदना फार काळ दिसलीच नाहीं. ब्रिटनमध्यें १८७६ सालीं प्राण्यांवरील प्रयोगांना मर्यादा घालणारा कायदा झाला. त्यांतून पाठीचा कणा नसलेल्या जीवांना स्पष्ट शब्दांत वगळलें होतें. दृष्टि बदलली ती पुन्हां प्रत्यक्ष निरीक्षणानेंच. १८७२ सालीं आंटोन डोर्न यांनीं नेपल्स येथें सागरी संशोधनगृह स्थापिलें. १९९२ सालीं फियोरितो व स्कॉत्तो या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, एक अष्टपाद दुसऱ्याचें वर्तन पाहून शिकूं शकतो. १९९३ सालीं ब्रिटननें सामान्य अष्टपादाला प्रयोगांच्या कायद्याचें संरक्षण दिलें. २०१० सालीं युरोपीय संघानें तें अष्टपाद व माकूळ यांच्या सबंध वर्गाला दिलें. आणि २०२२ सालच्या ब्रिटिश कायद्यानें या वर्गाबरोबर खेकडे व शेवंडे यांनाहि संवेदनाशील जीव मानिलें.

शिडाच्या जुन्या कथेचाहि शेवट असाच झाला. २०१० सालीं फिन व नॉर्मन या ऑस्ट्रेलियन संशोधकांनीं जिवंत आर्गोनॉट समुद्रांत सोडून त्यांचें निरीक्षण केलें. मादी पृष्ठभागावर येते, शंखांत हवा कोंडून घेते आणि तिच्या आधारानें पाण्यांत बुडल्यावांचून वा उसळल्यावांचून स्थिर तरंगते, असें त्यांना दिसलें. ती पृष्ठभागावर येते, हें ग्रीकांचें म्हणणें खरें होतें. त्याचें कारण तेवढें चुकलें होतें.

झान पॉवरनें शंख मोडले, हें विसरतां येत नाहीं. तिच्या पेटींतील जीवांना इजा झालीच. परंतु ज्याच्याविषयीं जाणावयाचें त्याला आधीं नीट जगूं द्यावें लागतें, ही गोष्ट तिनें कृतीनें दाखविली. शतकानुशतकें ज्या प्राण्यावर चोरीचा आळ होता, तो स्वतःच्या घराचा धनी ठरला तो त्याला जिवंत राखल्यामुळेंच.