हिवाळ्याआड दडलेला घोडा

मार्च १९४८. इंग्लंडमधल्या लिंकन शहराला लागून असलेल्या कारहोमच्या माळावर एका शर्यतीसाठी ५८ घोडे एका रांगेत उभे होते. ब्रिटनच्या सपाट शर्यतींत एवढे घोडे एकदम कधीच धावले नव्हते. घोडे आपापल्या कप्प्यात उभे राहतात ते स्टार्टिंग स्टॉल ब्रिटनमध्ये यायला अजून सतरा वर्षे होती. समोर ताणलेल्या आडव्या पट्ट्या वर उडाल्या की सगळे एकदम सुटायचे. वाट सरळ, अंतर एक मैल. यातले बहुतेक घोडे आदल्या शरद ऋतूनंतर शर्यतीत उतरलेच नव्हते. तरीही त्यांच्यावर आठवडेच्या आठवडे आधीपासून पैसे लागत होते.

ही शर्यत म्हणजे लिंकनशायर हँडिकॅप, चांगल्या घोड्याला जास्त वजन देऊन सगळ्यांना बरोबरीत आणणारी. ब्रिटनमध्ये अडथळ्यांच्या शर्यतींचा मोसम मुख्यतः हिवाळ्यातला आणि सपाट शर्यतींचा उन्हाळ्यातला. लिंकनशायर धावली की सपाट मोसम उघडला, असे पिढ्यानपिढ्या मानले गेले. पाठोपाठ लिव्हरपूलजवळ एन्ट्रीला ग्रँड नॅशनल व्हायची. दोन्हींचे विजेते एकाच बेटमध्ये सांगण्याला ‘स्प्रिंग डबल’ म्हणत, आणि एरवी शर्यतीकडे न फिरकणारी माणसेही ते लावत.

मोसमाच्या तोंडावरच्या या बेटिंगचा इतिहास एका प्रश्नाभोवती फिरतो. चार-पाच महिने तबेल्यात काढलेल्या घोड्याचे हिवाळ्यात काय झाले? तो भरला, वाढला, की नुसताच सुस्तावला? हे नीट कळते तबेल्यातल्या माणसांना. बुकी आणि पब्लिक दोघेही जुन्या कामगिरीवर भाव ठरवतात. चुकीचा भाव सापडायचा तो या फटीत.

इथे ‘किंमत असलेला बेट’ म्हणजे काय, हे स्पष्ट असलेले बरे. एकास दहा भाव म्हणजे अकरांत एकदा जिंकण्याची शक्यता, साधारण नऊ टक्के. घोड्याची खरी शक्यता पंधरा टक्के असेल तर तो बेट चांगला, मग त्या दिवशी घोडा हरला तरी. उलट, हमखास वाटणारा फेव्हरिट त्याच्या शक्यतेपेक्षा कमी भावाला घेतला तर जिंकूनही सौदा वाईटच. शिवाय सगळ्या घोड्यांच्या भावांतल्या शक्यता जोडल्या तर बेरीज शंभराच्या वर जाते. हा वरचा हिस्सा बुकीचा, म्हणूनच डोळे मिटून खेळणारा शेवटी खिसा रिकामा करूनच घरी जातो.

अठराव्या शतकात बेट मुख्यतः मालकामालकांत लागत. १७९०च्या दशकात न्यूमार्केटला हॅरी ऑग्डेनने प्रत्येक घोड्याला वेगळा भाव देऊन धंदा मांडला. पहिला बुकमेकर म्हणून सहसा त्याचेच नाव घेतले जाते. वेगळा भाव आला आणि प्रत्येक घोड्याबद्दलच्या बातमीला पैसा मिळू लागला. पहाटेच्या सरावावर लपून नजर ठेवणाऱ्या टाऊटांची जमात न्यूमार्केटच्या माळावर वाढली. ट्रेनर खरा वेग कळू नये म्हणून चाचण्या गुपचूप घेत.

या धंद्याची सगळ्यात काळी बाजू डॅनियल डॉसनच्या रूपाने समोर आली. हा न्यूमार्केटचाच टाऊट. तिथे घोड्यांच्या पाण्याच्या हौदांत त्याने आर्सेनिक कालवले आणि १८११च्या वसंत मोसमात घोडे तडफडून मेले. जिंकणारा घोडा ओळखण्यापेक्षा हरणारा घोडा ‘तयार’ करून त्याच्याविरुद्ध पैसे लावणे डॉसनला हाताशी धरणाऱ्या बुकींना सोपे होते. १८१२मध्ये केंब्रिजला डॉसनला फाशी देण्यात आली. बातमी गुप्त राहिली की तिची किंमत किती भयानक होऊ शकते, याचे याहून ठळक उदाहरण शर्यतींच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अ‍ॅडमिरल हेन्री रूस यांनी या खेळाला हिशेबाची शिस्त लावली. १८५५मध्ये ते जॉकी क्लबचे हँडिकॅपर, म्हणजे घोड्यांनी उचलायचे वजन ठरवणारे अधिकारी, झाले. कोणत्या वयाच्या घोड्याने कोणत्या महिन्यात, किती अंतरासाठी किती वजन उचलावे, याचा तक्ता त्यांनी बसवला. तीन वर्षांच्या घोड्याला मोठ्यांविरुद्ध वसंतात वजनाची भरपूर सूट मिळते. मोसम पुढे सरकेल, घोडा अंगाने भरेल, तशी सूट कमी होत जाते. थोड्या फेरफारांसह हे तत्त्व आजही जगभर चालते.

पण तक्ता सरासरी घोड्याचा असतो. हँडिकॅपरपुढे मार्चच्या शर्यतीसाठी पुरावा असतो तो मुख्यतः आदल्या वर्षाचा. थोड्याच शर्यती धावलेला तीन वर्षांचा घोडा हिवाळ्यात चार वर्षांचा होतो, हाडापेराने मजबूत होतो, पण त्याचे वजन ठरते शरदातल्या घोड्याकडे पाहून. मैलाच्या शर्यतीत दोन पौंड म्हणजे सुमारे एक घोडालांबी, असा जुना ठोकताळा आहे. त्या हिशेबाने शरदातल्या आणि मार्चमधल्या घोड्यातली सहा-सात पौंडांची तफावत घोडा जिंकणार की गर्दीत हरवणार, हे ठरवू शकते.

दोन वर्षांच्या शिंगरांचे कोडे तर आणखी अवघड. उत्तर गोलार्धात थरोब्रेड घोड्यांचा वाढदिवस कागदोपत्री १ जानेवारीलाच असतो. जानेवारीत आणि मेमध्ये जन्मलेली शिंगरे मार्चमध्ये समान वयाची म्हणून धावतात, प्रत्यक्षात त्यांच्यात चार महिन्यांचे अंतर असते. मोसमाच्या सुरुवातीची ब्रॉकल्सबी स्टेक्स ही दोन वर्षांच्यांची शर्यत लवकर वयात आलेल्यांना धार्जिणी. पुढे फार काही न करणारे घोडेही ती जिंकत. पण १८८८मध्ये ती जिंकणारा डोनोव्हन पुढच्या वर्षी डर्बी आणि सेंट लेजर या दोन्ही मोठ्या शर्यती घेऊन गेला.

पैसे कोण आणि कुठे लावू शकतो, हे मात्र कायदा खिसा पाहून ठरवत होता. १८५३च्या कायद्याने शहरांतली रोख बेटिंगची घरे बंद केली, १९०६च्या कायद्याने रस्त्यावरचे बेटिंग. श्रीमंताचे बुकीकडे उधारीचे खाते असे आणि ते कायदेशीर होते. गिरणीतल्या किंवा खाणीतल्या कामगाराने स्प्रिंग डबलवर रोख शिलिंग लावायचा तर बुकीच्या रनरला चोरून गाठायचे. हा अन्याय १ मे १९६१ रोजी संपला, तेव्हा कायदेशीर बेटिंग शॉप उघडले.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात यॉर्कशायरच्या एका खाणकामगाराच्या मुलाने वेगळी वाट धरली. फिल बुल हा गणिताचा पदवीधर आणि शिक्षक. टाऊटांच्या कुजबुजीला त्याने पर्याय शोधला तो घड्याळात. शर्यतीची वेळ, मैदानाची अवस्था, अंतर आणि वजन यांवरून त्याने प्रत्येक घोड्याचा आकडा काढला. त्या आकड्यांवर पैसे लावून तो श्रीमंत झाला आणि १९४८मध्ये हॅलिफॅक्सला त्याने ‘टाइमफॉर्म’ची स्थापना केली. त्याचे मोठेपण पुढच्या पावलात आहे. स्वतःच्या फायद्याचे आकडे त्याने छापून विकायला काढले. ज्याला वाचायची तयारी होती, त्याला आता तबेल्यात ओळख काढण्याची गरज उरली नाही.

आकडा खरा असला तरी भाव तपासावाच लागतो. १९४७च्या टू थाउजंड गिनीज या मैलाच्या शर्यतीत ट्यूडर मिन्स्ट्रेल आठ घोडालांब्यांनी जिंकला. टाइमफॉर्मच्या इतिहासातल्या सर्वोच्च आकड्यांपैकी एक त्याच्या नावावर आहे. डर्बीत लोक त्याच्यावर इतके तुटून पडले की सात लावले तर चार मिळावेत, एवढाच भाव उरला. मैलाचा हा बादशहा दीड मैलात दमला, चौथा आला, आणि एकास चाळीस भावाचा पर्ल डायव्हर जिंकला.

१९७१च्या गिनीजने उलटा धडा दिला. सहा घोडे, त्यातले तीन असामान्य. मिल रीफ आणि माय स्वॅलो यांनी त्या वसंतात पूर्वतयारीची एकेक शर्यत जिंकून दाखवली होती. त्यांचे भाव अनुक्रमे एकास दीड आणि एकास दोन. ब्रिगेडियर जेरार्ड दोन वर्षांचा असताना चारही शर्यती जिंकलेला, मिडल पार्क स्टेक्सचा विजेता. पण ट्रेनर डिक हर्न यांनी त्याला त्या वर्षी एकदाही न धावता थेट गिनीजला आणले. डोळ्यांसमोर ताजा पुरावा नाही म्हणून लोकांनी त्याला एकास साडेपाचावर सोडले, म्हणजे जेमतेम १५ टक्के शक्यता. तो तीन घोडालांब्यांनी जिंकला, आणि कारकीर्दीत १८पैकी १७ शर्यती जिंकून गेला. त्याची गुणवत्ता आदल्या वर्षीच्या निकालांत सगळ्यांना वाचता येत होती, पण बाजाराने न धावण्यालाच उणेपण मानले.

लिंकनचा रेसकोर्स १९६४मध्ये बंद पडला आणि १९६५पासून लिंकनशायर हँडिकॅप, आता नुसती ‘लिंकन’, डॉनकास्टरला गेली. तिथे आता जास्तीत जास्त २२ घोडे धावतात. १९८९मध्ये ब्रिटनमध्ये कृत्रिम पृष्ठभागावरच्या शर्यती सुरू झाल्या, त्यामुळे काही घोडे हिवाळाभर धावून तयारीनिशी येतात. २०००मध्ये बेटफेअर हे ऑनलाइन बेटिंग एक्स्चेंज आले आणि साधा माणूसही एखादा घोडा हरेल यावर पैसे लावू लागला. तरी जुने गणित पुसले गेलेले नाही. २०१८ची लिंकन जिंकली ती अ‍ॅडेब नावाच्या चार वर्षांच्या घोड्याने, ओल्या, जड मैदानावर. हँडिकॅपमध्ये धावणारा हा घोडा २०२०मध्ये चॅम्पियन स्टेक्स या सर्वोच्च दर्जाच्या शर्यतीचा विजेता झाला.

महाराष्ट्रातल्या रेसप्रेमींना हे कोडे परके नाही. महालक्ष्मीला हिवाळ्यात आणि पुण्याला पावसाळ्यात धावतात त्याही सपाट शर्यतीच, आणि दोन्ही ठिकाणी सुट्टीनंतर उतरलेल्या घोड्याचा भाव लावताना हीच कसरत असते. घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये दिला. पण कौशल्य वापरायला माहिती सगळ्यांच्या हाती पडावी लागते.

त्या दिशेने पावले पडत आहेत. श्वसनमार्गाची शस्त्रक्रिया झालेला घोडा पहिल्यांदा धावतो तेव्हा तशी नोंद २०१८पासून ब्रिटनमध्ये जाहीर होते. हिवाळ्यातले एक मोठे गुपित त्यामुळे उघडे झाले. हाँगकाँग आणि जपानमध्ये तर शर्यतीआधी प्रत्येक घोड्याच्या अंगाचे वजन जाहीर होते, मागच्या वेळेपेक्षा किती वाढले-घटले तेही पाहता येते. ब्रिटनमध्ये ही पद्धत अजून सर्वत्र रुजलेली नाही. मार्चमध्ये, घोडा सुटलेला आहे की कसलेला आहे हाच सवाल असताना, या एका आकड्याची गरज सगळ्यात जास्त आहे, आणि लिंकनच्या रेसकार्डावर तो रकाना यायलाच हवा.