एच.पी.चा शिक्का

पुण्याच्या आर.टी.ओ.बाहेर टेबल टाकून लोकांच्या गाड्या त्यांच्या नावावर करून द्यायच्या, हा आमचा धंदा. आधी वडिलांनी केला, मग मी. आर.सी. बुक हातात आलं की मालकाचं नाव नंतर वाचायचं, आधी एच.पी. आहे का ते बघायचं, ही वडिलांची शिकवण. एच.पी. म्हणजे हायर-पर्चेस, भाडेखरेदी. तो शिक्का दिसला की समोरचा माणूस कितीही रुबाबात 'माझी गाडी' म्हणू दे, फायनान्सवाल्याची एन.ओ.सी. आल्याशिवाय कागद हलणार नाही.

हल्ली हिंजवडीत कामाला जाणारी मुलं विचारतात, "काका, रोज जाण्यायेण्यासाठी साधी गाडी हवीय. लीजवर घेऊ की विकत?" सोबत वडील आलेले असले तर ते लगेच मान हलवतात. भाड्याची गाडी? त्यापेक्षा बसने जा. या वडील मंडळींना मी काही बोलत नाही, पण त्यांची पहिली गाडी कशी आली ते मला ठाऊक असतं. पुष्कळदा तिचा कागद मीच केलेला असतो.

भाडेखरेदीत गाडीची मालकी फायनान्स कंपनीकडे राही. गिऱ्हाईक दरमहा देई तो कायद्याच्या भाषेत वापराचा आकार, म्हणजे भाडंच. शेवटचा हप्ता भरला आणि त्याने खरेदीचा हक्क बजावला की मगच गाडी त्याची. तोवर पेढे वाटून झालेले, नारळ फुटलेला, चाकाखाली लिंबं चिरडलेली, आणि पत्रा मात्र दुसऱ्याचा. 1939 च्या मोटार वाहन कायद्याने यातून वाट काढली होती: भाडेखरेदीच्या गाडीपुरता, जो ती बाळगतो तोच या कायद्यासाठी मालक. 1988 च्या नव्या कायद्याने त्याच व्याख्येत लीज आणि हायपोथिकेशनही (गाडी तारण ठेवून कर्ज) आणून बसवलं. त्याच्या 51 व्या कलमात हे तिन्ही प्रकार एका ओळीत आहेत. आमच्या टेबलावर तर तिघांना एकच फॉर्म लागतो, नोंद चढवायला 34 नंबरचा आणि उतरवायला 35 नंबरचा. हायर-पर्चेससाठी संसदेने 1972 साली स्वतंत्र कायदाही केला होता. तो कधी लागूच झाला नाही आणि 2005 साली रद्द झाला. तेहेतीस वर्षं नुसता पुस्तकात बसून निवृत्त झालेला असा कायदा दुसरा मला माहीत नाही.

सरकारी नोकरांची तऱ्हा वेगळी. त्यांना वाहन अग्रिम मिळे आणि गाडी गहाण राही ती राज्यपालांकडे. केंद्राचा नोकर असेल तर थेट राष्ट्रपतींकडे. कारकुनाच्या स्कूटरवर राष्ट्रपतींचा बोजा! वडील असा कागद आला की शेजारच्या टेबलावर दाखवून आणत.

म्हणजे पूर्ण पैसे मोजून गाडी घेणारा आमच्याकडे तसा कमीच. तरीही 'लीज' म्हटलं की आपल्या माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात. हा नुसता मालकीचा हट्ट आहे असं मला वाटत नाही. त्यामागे एक हिशेब होता, आणि तो हिशेब आकुर्डीत आणि कुर्ल्यात तयार झाला.

स्कूटरच्या वाटपावर आणि विक्रीवर 1960 पासून सरकारी नियंत्रण होतं. मोटारींवर तर त्याच्याही आधी. किती बनवायच्या हे परवान्यावर ठरलेलं आणि किंमतही बांधलेली. आकुर्डीच्या बजाजने पियाज्जोशी करार करून व्हेस्पा बनवायला घेतली, तो करार 1971 साली संपला, आणि 1972 पासून चेतक आली. साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समधून प्रिया येई. मागणी एवढी की नंबर लावून दहा-दहा वर्षं थांबायचं. मुलगा अकरावीत गेला की बाप स्कूटर बुक करून ठेवी, म्हणजे नोकरीला लागेपर्यंत नंबर येईल. परदेशात कुणी नातेवाईक असेल आणि तो डॉलर भरायला तयार असेल तर रांग सोडून स्कूटर मिळे. त्या काळात अमेरिकेतल्या मेव्हण्याला फार मान होता. लग्नाच्या बैठकीत सोन्याबरोबर स्कूटरचं नाव निघे, आणि ती नाही तर निदान तिचा बुकिंग नंबर.

आता यातलं व्यापाराचं गणित बघा. बांधलेल्या किमतीला मिळालेली चेतक शोरूमच्या दारातून बाहेर पडली की तिची किंमत वाढे. वर जे द्यावं लागे त्याला आम्ही 'ऑन' म्हणायचो. फियाटचंही तेच, वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सची कुर्ल्याची फियाट, पुढे पद्मिनी, वापरून झाली तरी भाव धरून असे. सरकारने ठरवलेल्या मुदतीआधी विकायला मनाई होती, म्हणून मुखत्यारपत्रावर व्यवहार होत. अशी मुखत्यारपत्रं वडिलांनी ढिगाने पाहिली. गाडी एकाच्या नावावर, चालवणारा दुसरा, आणि पावती कुणाकडेच नाही.

जी वस्तू वापरूनही महाग होते ती भाड्याने कोण देईल? दिली तर भाडं काय लावेल? आणि घेणाऱ्याने का घ्यावी, जर विकत घेतली तर चार वर्षं फिरून वर चार पैसे सुटतात? लीजचा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा असतो: गाडीची किंमत दरवर्षी उतरली पाहिजे, आणि ती किती उतरेल याचा अंदाज आधी बांधता आला पाहिजे. आमच्याकडे ती उतरतच नव्हती. मद्रासला 1973 साली फर्स्ट लीजिंग कंपनी निघाली, देशातली पहिली म्हणतात ती. पण या धंद्याचा भर यंत्रसामग्रीवर. पगारदार माणसाच्या दारात लीज यायला अजून बराच अवकाश होता.

'रिसेलला कशी आहे?' हा प्रश्न मराठी माणूस गाडीचा रंग विचारण्याआधी विचारतो, त्याचं मूळ मला या टंचाईत दिसतं. टंचाई गेली, प्रश्न राहिला.

ती गेली मात्र हळूहळू. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली. किंमत साडेसत्तेचाळीस हजारांच्या आसपास. पण बुकिंगचे दहा हजार भरून बसलेले लाखाच्या वर होते, म्हणजे पुन्हा रांग, पुन्हा ऑन. 1993 साली मोटारींचं लायसन्स राज संपलं. 1998 मध्ये सँट्रो आली आणि वर्षअखेर आमच्या पिंपरीची इंडिका. इंडिकाला आठवड्याभरात लाखाच्या वर बुकिंग झालं, तेही पूर्ण पैसे भरून. एवढी जुनी सवय एका रात्रीत जात नाही.

बाजार मात्र त्याआधीपासूनच उलटा फिरू लागला होता. पूर्वी गिऱ्हाईक रांगेत, आता गाड्या रांगेत. ज्या बजाजकडे लोक दहा वर्षं थांबत, त्याच घराण्याने 1987 साली बजाज ऑटो फायनान्स काढली, स्कूटर-रिक्षा हप्त्यावर देण्यासाठी. मला ही घटना चेतकच्या जन्मापेक्षा मोठी वाटते. नव्वदीत बँका गाडीसाठी कर्ज घ्या म्हणून मागे लागल्या. भाडेखरेदी मागे पडून हायपोथिकेशन आलं: गाडी तुमची, बोजा बँकेचा. शिक्क्यावरचे शब्द बदलले, पण आजही गिऱ्हाईक येतं ते 'एच.पी. उतरवायचीय' म्हणतच.

आणि जुन्या गाडीचा भाव दरवर्षी नेमाने पडू लागला, तेव्हा कुठे लीजवाल्यांचं गणित जमलं. पहिल्यांदा लीज कंपन्यांतून आली, पगारदारावरच्या प्रेमापोटी नव्हे, करासाठी. लीजचं भाडं पगारातून आधीच वळतं होतं आणि कर्मचाऱ्याच्या उत्पन्नात 1.6 लिटरपर्यंतच्या गाडीसाठी महिना 1800 रुपये धरले जात. हा आकडा कित्येक वर्षं हललाच नाही. गाडी सरळ कंपनीच्या नावावर घ्यावी तर महाराष्ट्रात रस्ता कर खूप जास्त बसतो, आणि आपल्याकडे तो एकरकमी. म्हणून मालक एक, आर.सी.वर नाव वापरणाऱ्याचं आणि खाली लीजची नोंद, असे कागद येऊ लागले. ज्यांना अशी सोय नाही त्यांच्यासाठी 2020 पासून मारुतीनेच मासिक भाड्याची योजना काढली आणि त्याच वर्षी ती पुण्यातही आणली. तिच्यात पांढऱ्या पाटीचीही सोय ठेवली, ही हुशारी. गोव्यात भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळे आकडे असतात. तसली पाटी सदाशिव पेठेतल्या वाड्यात कोण लावून घेणार?

मुलांना मी सांगतो ते एवढंच. दर तीन-चार वर्षांनी गाडी बदलायचा शौक असेल, नोकरीत शहर बदलणार असेल आणि कंपनी पगारातून कापून देत असेल, तर लीजला नावं ठेवू नका. दहा वर्षं वापरणार असाल तर कर्ज काढा, पाच वर्षांत फेडा, आणि पुढची पाच वर्षं फुकटात फिरा. साध्या छोट्या गाडीला तर हे आणखीच लागू, कारण तिची सर्व्हिसिंग स्वस्त आणि जुनी झाली तरी तिला गिऱ्हाईक मिळतं. शेवटच्या हप्त्यानंतर एन.ओ.सी. घेऊन एच.पी. मात्र लगेच उतरवा. लोक पैसे फेडतात आणि शिक्का तसाच ठेवतात, मग गाडी विकायच्या दिवशी माझ्याकडे धावत येतात.

आता विजेच्या गाड्या आल्या आणि माझा सगळा हिशेब पुन्हा विस्कटला. आठ वर्षांनी बॅटरीला काय भाव येईल, हे आमच्या रांगेतला सेकंडहँडवालाही छातीठोक सांगत नाही. 2024 मध्ये एम.जी.ने विंडसर काढली, ती बॅटरीशिवायच्या किमतीत, 9.99 लाखांना; बॅटरीचे पैसे वेगळे, किलोमीटरला साडेतीन रुपये. जिचा उद्याचा भाव ठाऊक नाही तेवढीच वस्तू बाजूला काढून वापराच्या दराने दिली. गेल्या महिन्यात एक गृहस्थ ती गाडी घ्यायची म्हणून विचारायला आले. माझ्याच वयाचे, पहिली प्रिया ऑन देऊन घेतलेले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते ठीक आहे हो. पण मग रिसेलला कशी?"