एक संगणक, दोन कळफलक

लॅपटॉपला बाहेरचा कळफलक जोडला की बोटांची सवय मोडते. ओळखीच्या जागी भलतीच कळ लागते आणि दोष नव्या कळफलकास दिला जातो. वास्तविक कळफलक संगणकाकडे अक्षर पाठवीतच नाही. कोणती कळ दाबली गेली, तिचा केवळ संकेतांक पाठवितो. त्या संकेतांकाचे अक्षर कोणते, हे संगणकातील मांडणी ठरविते. कळेवरील छपाई हे निव्वळ चित्र होय.

म्हणूनच मराठीसाठी निराळा कळफलक विकत घेण्याचे कारण नाही. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ च्या मानकात समाविष्ट केलेली इनस्क्रिप्ट मांडणी विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींत उपलब्ध आहे. तीत स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला असतात. ‘ळ’ शिफ्टसह ‘एन’च्या कळेवर मिळतो. बेळगावसारख्या ठिकाणी तिचा खरा लाभ दिसतो. ज्या कळेवर देवनागरीचा ‘क’, तिच्यावरच कन्नड लिपीचाही ‘क’. दोन्ही भाषांत टंकन करणाऱ्यास बोटांना पुन्हा शिकवावे लागत नाही.

प्रत्येक कळफलकास स्वतंत्र मांडणी देणे मात्र सर्वत्र सारखे सोपे नाही. मॅकला विंडोजसाठीचा कळफलक जोडल्यास कमांड व ऑप्शन यांच्या जागांची अदलाबदल होते. सेटिंग्जमधील ‘मॉडिफायर कीज’ या भागात वरच्या यादीतून तोच कळफलक निवडून ती दुरुस्त करावी. लॅपटॉपच्या मूळ कळा तशाच राहतात. विंडोजमध्ये ‘पॉवरटॉईज’ने केलेला बदल जोडलेल्या सर्व कळफलकांना लागू होतो. तेथे ज्याच्या स्वतःच्या स्मृतीत मांडणी साठविता येते, असा प्रोग्रॅम करण्याजोगा कळफलक घेणे सोयीचे. तो कोणत्याही संगणकास जोडला तरी बदल सोबत नेतो. लिनक्सवर ‘सेटएक्सकेबीमॅप’ या आज्ञेत उपकरणाचा क्रमांक देता येतो, परंतु कळफलक काढून पुन्हा जोडल्यास तो क्रमांक बदलू शकतो. कायमच्या बदलासाठी निर्माता व उत्पादन यांच्या संकेतांकांवर आधारलेला ‘एचडब्ल्यूडीबी’ नियम लिहावा.

एक सावधगिरी आवश्यक. पॉवरटॉईजचे बदल साइन-इनच्या पडद्यावर चालत नाहीत. सामायिक संगणकावर पासवर्ड नाकारला गेल्यास, तो विसरलो असे समजण्यापूर्वी पडद्याच्या कोपऱ्यातील भाषेचे चिन्ह पाहावे.