सांधा आणि हृदय : एका जोडदुखण्याचा इतिहास

मालवणच्या किनाऱ्यावरील जुन्या घरांतून वाताचें दुखणें पावसाळ्याइतकेंच ठरलेलें मानीत असत. मृग लागला कीं कोणाचे गुडघे धरत, कोणाच्या बोटांचीं पेरें सुजत. सकाळीं उकड्या तांदळाच्या पेजेचें भांडें चुलीवरून उतरविणें जमेनासें झालें, म्हणजे घरांतील वडील बाई आपलें काम मुकाट्यानें सुनेच्या हातीं देई. पुढें केव्हां तरी तिच्या छातींत धडधड सुरू होई. तिचें कारण मात्र निराळेंच सांगितलें जाई : मुलगा मुंबईस आहे, पत्र आलें नाहीं, म्हणून जीव घाबरतो. सांध्यांचें दुखणें वैद्याकडे जाई आणि छातीचें देवाकडे. एकाच देहांतील या दोन तक्रारींचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल, ही शंका घरच्यांस येत नसे व पुष्कळदां उपचार करणारांसही येत नसे. ती शंका वैद्यकाला कधीं आली, कशी विसरली गेली आणि पुन्हा कशी जागी झाली, याचा इतिहास ज्या घरांत हें दुखणें आहे त्या घराला आजही उपयोगी पडण्यासारखा आहे.

भारतीय वैद्यकांत हृदय व सांधे यांची वाटणी फार जुनी आहे. चरकसंहितेनें हृद्रोगाचे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज असे पांच प्रकार सांगितले. सांध्यांचीं दुखणीं वातव्याधि व वातरक्त या निराळ्या प्रकरणांत घातलीं. इसवी सनाच्या सातव्या-आठव्या शतकाच्या सुमारास माधवकरानें रोगनिदानावर जो ग्रंथ रचिला व जो ‘माधवनिदान’ या नांवानें ओळखला जातो, त्यांत आमवाताला स्वतंत्र प्रकरण मिळालें. न पचलेला अन्नरस, म्हणजे ‘आम’, वायूच्या योगानें शरीरभर फिरतो व सांध्यांत ठाण मांडतो, अशी त्याची उपपत्ति होती. आधुनिक वैद्यक ती जशीच्या तशी मानीत नाहीं. परंतु रुग्णाच्या खाटेशेजारीं बसून माधवकरानें जें पाहिलें, तें बाजूस सारण्याजोगें नाहीं. हात, पाय, घोटे, गुडघे सुजतात, विंचू डसल्यासारखी वेदना होते, ताप येतो, अन्न नकोसें होतें, झोप बिघडते. याच यादींत हृदयाला जडपणा येणें व छाती धरल्यासारखी होणें, हींही लक्षणें त्यानें नोंदविलीं. त्याचा आमवात म्हणजे आजचा ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हुबेहूब नव्हे. त्यांत सांध्यांचे इतरही दाहक विकार आले असावेत. तथापि सांधा व हृदय यांना त्यानें एका प्रकरणांत बसविलें, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे.

पुढें ही नोंद ग्रंथांत राहिली आणि उपचार सांध्याभोंवतींच फिरूं लागले. उत्तरकालीन ग्रंथकारांनीं आमवाताला हत्तीची व एरंडेलाला सिंहाची उपमा दिली. कोंकणांतल्या घरोघरीं सुंठीच्या काढ्यांतून एरंडेल, निर्गुंडीच्या पाल्याचा शेक, तेलाचें मर्दन हे उपाय चालत आले. त्यांनीं वेदनेला उतार पडे, हें नाकारण्याचें कारण नाहीं. पण शेक गुडघ्याला देतां येतो, धडधडणाऱ्या छातीला देतां येत नाहीं. जें हाताला लागत नव्हतें तें उपचारांतून निसटलें.

युरोपांतही याहून फार निराळें घडलें नाहीं. १७८८ च्या सुमारास लंडनच्या सेंट बार्थॉलोम्यू रुग्णालयांत डेव्हिड पिटकेर्न याच्या ध्यानांत आलें कीं, सांध्यांच्या तापानें आजारी पडलेल्यांना पुढें हृदयाचा विकार जडतो. १८१२ सालीं विल्यम चार्ल्स वेल्स यानें अशा रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली आणि १८३६ त फ्रान्समध्यें बुइयो यानें हा संबंध नियमासारखा मांडला. हा विकार म्हणजे ‘ऱ्हुमॅटिक फीव्हर’ होय. लहानपणीं घशाला जंतूंचा उपद्रव होतो, त्यापाठोपाठ सांधे सुजतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडूं शकतात.

दुसरा विकार याहून अगदीं वेगळा. १८०० सालीं पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयांतील लांद्रे-बोव्हे या तरुण डॉक्टरानें नऊ स्त्रियांच्या दुखण्याचें वर्णन आपल्या प्रबंधांत केलें. श्रीमंतांच्या गाऊट रोगाशीं तें जुळत नव्हतें. रोगी गरीब होत्या, सांधे वर्षानुवर्षें सुजत व वांकडे होत. १८५९ त इंग्लंडांत आल्फ्रेड गॅरॉड यानें त्याला ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ हें नांव दिलें. दोन्ही नांवें कानाला सारखीं लागतात, आणि येथेंच घोटाळा झाला. हृदयाला धोका असतो तो लहानपणच्या तापानें, मोठेपणच्या आमवाताची मजल मात्र सांध्यांपलीकडे जात नाहीं, अशी समजूत होऊन बसली. १९४० सालीं नॉर्वेच्या एरिक वालर यानें या रुग्णांच्या रक्तांत एक विशिष्ट द्रव्य दाखवून दिलें. ज्या रोगाची खूण रक्तांत सांपडते, तो रोग सांध्यापुरता कसा राहील? परंतु हा प्रश्न विचारला जाण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

धडधड ही तर पकडण्यास त्याहूनही कठीण. ती येते, घाबरविते आणि वैद्य येईपर्यंत निघून जाते. लायडन येथें आइंटहोव्हेन यानें विसाव्या शतकाच्या आरंभीं हृदयाची विद्युत् कागदावर उतरविणारें यंत्र सिद्ध केलें व त्याबद्दल त्याला १९२४ चें नोबेल पारितोषिक मिळालें. पण तें यंत्र पाहील तो क्षणच पाहूं शके. अमेरिकेंतील नॉर्मन होल्टर यानें १९४९ च्या सुमारास चालत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचे ठोके रेडिओच्या लहरींनीं दूर पाठवून दाखविले. त्याकरितां सुमारें ३८ किलोचें ओझें पाठीवर घ्यावें लागलें! आज त्याच्या नांवाचें उपकरण मुठींत मावतें आणि रुग्ण तें चोवीस तास अंगावर बाळगून घरचीं कामें करतो.

मालवणच्या रुग्णापर्यंत हीं साधनें पोंचण्याची कथाही या इतिहासाचाच भाग आहे. मुंबईस जे. जे. रुग्णालय १८४५ त व के. ई. एम. १९२६ त सुरू झालें. गोव्यांत पोर्तुगीजांनीं १८४२ त वैद्यकशाळा काढली. वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे डॉ. गोहीन यांनीं रुग्णसेवा केली. त्यांचा वेंगुर्ल्यांत १९१९ सालीं जन्मलेला मुलगा पुढें प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष व भारतांतील अमेरिकेचा राजदूत झाला. पण मुंबईची वाट आगबोटीची. बोट खोल पाण्यांत उभी राही आणि होडींतून तिच्यावर चढावें लागे. सुजलेल्या गुडघ्यांच्या बाईला हें केवढें संकट! शिवाय पावसाळ्यांत, म्हणजे सांधे अधिक कुरकुर करीत तेव्हांच, बोटी बंद असत. १९९८ पासून कोंकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धांवूं लागली आणि कुडाळ-कणकवलीहून मुंबई एका रात्रीवर आली; बांबोळीचें गोवा मेडिकल कॉलेज तर सिंधुदुर्गाच्या रुग्णांस जवळचेंच. तपासणीस होणाऱ्या उशिराचें निमित्त आतां केवळ अंतरावर लोटतां येत नाहीं.

औषधांचा इतिहासही दुहेरी आहे. १७६३ त एडवर्ड स्टोन यानें वाळुंज झाडाच्या सालीचा तापावरील गुण कळविला. त्या वंशांतून १८९९ त ॲस्पिरिन बाजारांत आलें. विल्यम विदरिंग यानें १७८५ त डिजिटॅलिसवर ग्रंथ लिहिला व हृदयाला औषध मिळालें. १९४८ च्या सप्टेंबरांत अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमध्यें फिलिप हेंच यानें आमवाताच्या एका रुग्ण स्त्रीला कॉर्टिसोन दिलें; अंथरुणाला खिळलेली बाई कांहीं दिवसांत चालूं लागली. १९५० चें नोबेल पारितोषिक त्या शोधाच्या वांट्यास आलें. पण दीर्घकाळ घेतल्यास तेंच औषध रक्तदाब व साखर वाढवितें, हाडें ठिसूळ करतें, हृदयावर भार टाकतें, हेंही लौकरच कळून चुकलें. १९८८ सालीं अमेरिकेंत आमवातासाठीं मान्यता मिळालेलें मेथोट्रेक्सेट आज उपचाराचा कणा आहे. तें आठवड्यांतून एकदांच घ्यावयाचें असतें. चुकून रोज घेतल्यास प्राणावर बेततें.

या दोन दुखण्यांची गांठ नियतीनें एका माणसांत विलक्षण रीतीनें घातली. दक्षिण आफ्रिकेच्या ख्रिस्तियान बर्नार्ड याला १९५६ त, ऐन उमेदीच्या काळांत, आमवात जडला. त्याच हातांनीं त्यानें ३ डिसेंबर १९६७ रोजीं केप टाऊन येथें जगांतील पहिलें मानवी हृदयारोपण केलें. अडीच महिन्यांच्या आंतच मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं भारतांतील पहिलें हृदयारोपण केलें. बर्नार्डला १९८३ त शस्त्र खालीं ठेवावें लागलें, तें त्याच्या बोटांच्या सांध्यांमुळें. तोंपर्यंतचीं सत्तावीस वर्षें त्यानें दुखणें सांभाळून काम केलें.

आज माधवकराची नोंद नव्या भाषेंत परत आली आहे. आमवातांत शरीराचें रक्षण करणारी शक्तीच स्वतःच्या सांध्यांवर उलटते, आणि तो दाह रक्तवाहिन्यांना व हृदयाच्या आवरणालाही सोडीत नाहीं. डेन्मार्कमधील लाखों लोकांच्या नोंदी तपासून २०१२ सालीं असें दिसलें कीं, हृदयाचा ठोका अनियमित होण्याचा एक विकार आमवाताच्या रुग्णांत इतरांपेक्षां सुमारें ४० टक्क्यांनीं अधिक आढळतो. पुण्याजवळील भिगवण येथें १९९६ त झालेल्या पाहणींत ४,०९२ प्रौढांपैकीं ७४६ जणांना सांधे-स्नायूंची कांहीं ना कांहीं तक्रार होती. खरा आमवात मात्र दोनशें माणसांत सुमारें एकाला. यावरून दोन गोष्टी कळतात : प्रत्येक गुडघेदुखी आमवात नव्हे, आणि आमवात असलाच तर तो खेडोपाडीं विखुरलेला आहे.

आमवाताच्या प्रत्येक धडधडीमागें हृदयाचाच रोग असतो, असें मात्र नव्हे. रक्ताची उणीव, थायरॉइडचा बिघाड, स्टेरॉइड, अपुरी झोप, अति चहा, चिंता यांनींही छाती धडधडते. म्हणून ती केव्हां आली, किती वेळ टिकली, नाडी नियमित होती कीं नव्हती, त्या दिवशीं कोणतीं औषधें घेतलीं, हें एका वहींत लिहून डॉक्टरांपुढें ठेवावें. दोन डॉक्टर असतील तर दोघांनाही दोन्ही दुखणीं सांगावीं. चालू औषध आपल्या मनानें सोडूं नये. घटकद्रव्यें न सांगतां दिल्या जाणाऱ्या पुड्यांपासून दूर राहावें, कारण तसल्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलें आढळलेलें आहे. धडधडीबरोबर घेरी आली, धाप लागली किंवा छातींत दुखलें, तर सकाळची वाट न पाहतां १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

माधवकरानें शेंकडों वर्षांपूर्वीं जें एका यादींत लिहून ठेविलें, तें किनाऱ्यावरील घरांत दोन वेगळ्या नांवांनीं सहन केलें गेलें. पत्र न आल्याची काळजी खरी असे. परंतु त्या काळजीच्या पदराखालीं कित्येक जणींचें हृदयाचें दुखणें झांकलें गेलें असेल. पेजेचें भांडें उचलवत नाहीं असें सांगणाऱ्या बाईला, ‘छातींत कांहीं होतें का?’ एवढा एकच अधिक प्रश्न घरच्यांनीं विचारला, तर या दीर्घ इतिहासाचें कांहीं चीज झालें असें म्हणतां येईल.