एक धूळ, दोन रोग

वाचकहो, कंधारच्या भुईकोट किल्ल्याकडून गावात चालत या आणि घरांच्या माथ्यांकडे पाहा. कुठे कुठे अजून जुने माळवद दिसेल. त्याच्या शेजारी करड्या रंगाचे, नागमोडी सिमेंटचे पत्रे दिसतील. आपण त्यांना सिमेंटचे म्हणतो खरे; पण त्या सिमेंटाला बळ देणारा धागा बहुधा निराळ्याच वस्तूचा असतो. ती वस्तू म्हणजे ॲस्बेस्टॉस. दगडासारखे खनिज, पण कापसासारखे पिंजता येते आणि आगीत जळत नाही! कंधार तालुका निजामाच्या राज्यात होता तेव्हाच, 1946 साली, हैदराबादेत असे पत्रे करणारी कंपनी स्थापन झाली. इकडे मुंबईला मुलुंडमध्ये पत्रे आणि घाटकोपरमध्ये मोटारींच्या ब्रेकचे सामान होऊ लागले. माळवदावर दरसाल माती घालण्याची कटकट गेली, गळती थांबली. लोकांना बरेच वाटले.

मात्र या धाग्याची दुसरी बाजू विलायतेत आधीच उघडी पडली होती. 1924 साली रॉचडेल गावी नेली केर्शॉ नावाची 33 वर्षांची कामगार बाई वारली. तिच्या फुप्फुसात डॉक्टर कुक यांना ॲस्बेस्टॉसचे कण सापडले. फुप्फुस घट्ट होऊन दम कोंडण्याच्या या रोगाला पुढे ॲस्बेस्टॉसिस हे नाव पडले. 1931 मध्ये ब्रिटनने कारखान्यांतील धुळीसाठी नियम केले. प्रश्न मिटला असे पुष्कळांना वाटले. तो मिटला नव्हता.

1955 मध्ये रिचर्ड डॉल यांनी वीस वर्षांहून अधिक काळ या धुळीत राबलेल्या 113 कामगारांचा हिशेब मांडला. फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका त्यांच्यात इतरांच्या सुमारे दसपट निघाला. पाचच वर्षांनी, 1960 मध्ये, दक्षिण आफ्रिकेतून वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 33 रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. हा कर्करोग फुप्फुसाच्या आतला नव्हता, तर फुप्फुसाभोवतीच्या पातळ आवरणाचा होता. त्याचे नाव मेसोथेलिओमा. यातले कित्येक जण खाणीत कधी उतरलेही नव्हते. खाणींच्या आसपास फक्त राहिले होते. 1965 मध्ये लंडनच्या अभ्यासात तर कामगारांचे धुळीचे कपडे घरी धुणाऱ्या बायकाही या रोगाने गेलेल्या आढळल्या.

आता आपण विचाराल, कर्करोग तो कर्करोग; दोहोंत फरक तो काय? फरक आहे, आणि तो मोठा आहे. फुप्फुसाचा कर्करोग अनेक कारणांनी होतो. त्यात विडी-सिगारेट पहिली. 1979 मध्ये अमेरिकेतील कामगारांवरून असे दिसले की, धूळही नाही आणि धूम्रपानही नाही अशा माणसाचा धोका एक धरला, तर केवळ धुळीने तो 5 पट, केवळ धूम्रपानाने सुमारे 11 पट, आणि दोन्ही एकत्र आली की 53 पट होतो. म्हणजे ही बेरीज नव्हे, जवळजवळ गुणाकारच! मेसोथेलिओमाला मात्र विडीशी देणेघेणे नाही. त्याचे मुख्य कारण ॲस्बेस्टॉसच. धूळ थोडी असली तरी तो होऊ शकतो, आणि दिसायला बहुधा तीस-चाळीस वर्षे लागतात. एकदा निदान झाले की पुष्कळ रोगी वर्षा-दीड वर्षात जातात. फुप्फुसाचा कर्करोग लवकर सापडला तर शस्त्रक्रियेची आशा तरी असते.

यातून एक विचित्र गोष्ट घडते. मेसोथेलिओमा दिसताच जाणता डॉक्टर ॲस्बेस्टॉसची चौकशी करतो. पण फुप्फुसाच्या कर्करोगावर तसा शिक्का नसतो. समजा, एखादा गडी तरुणपणी मुंबईच्या कारखान्यात राबला आणि म्हातारपणी गावी शेतीवर परतला. खोकल्यातून रक्त पडते म्हणून तो दवाखान्यात गेला, की पहिला प्रश्न येतो, "विडी ओढता का?" 'होय' म्हटले की चौकशी संपली. धूळ निर्दोष सुटते आणि सारा दोष विडीच्या माथी जातो. म्हणून "पूर्वी काय काम करीत होता, कुठे, किती वर्षे?" हा प्रश्न औषधाइतकाच मोलाचा आहे.

27 जानेवारी 1995 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे ओळखले. अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या खटल्यात न्यायालयाने सांगितले की, कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षे, किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी. रोग तीस वर्षे लपून बसत असेल, तर कागदानेही तितके टिकायला नको का?

तेव्हा वाचकहो, डोक्यावरचा पत्रा पाहून घाबरू नका. धड असलेला पत्रा फारशी धूळ सोडत नाही. तो करवतीने कापू नका, भोके पाडताना कोरडा ठेवू नका, त्याचे तुकडे अंगणात फोडू नका. आणि घरात कोणी अशा कारखान्यात काम केलेले असेल, तर त्याचे हजेरीचे कार्ड, पगाराची चिठ्ठी, जे असेल ते पेटीत जपून ठेवा. विडी सुटली तर फारच उत्तम. धूळ अंगातून निघत नाही. पण तिची साक्ष हरवू न देणे आपल्या हाती आहे.