हिवाळ्यातील चित्रशाळा : जॉन कॉन्स्टेबल आणि निसर्गचित्राचे वर्षचक्र

निसर्गासमोर बसून काढलेल्या चित्राला कलेच्या इतिहासात एक प्रकारचे नैतिक मूल्य प्राप्त झालेले आहे. चित्रकार उघड्यावर गेला, त्याने डोळ्यांनी पाहिले व जागच्या जागी उतरविले, म्हणून त्याचे चित्र खरे. उलटपक्षी घरात बसून रंगविलेले चित्र सांकेतिक, अशी ही विभागणी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ती दृढ झाली, आणि पुढे तिच्याच मापाने पूर्वीच्या चित्रकारांनाही मोजण्यात येऊ लागले. परिणामी त्यांच्या वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग हिशेबाबाहेर राहिला. नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत उत्तर युरोपातील निसर्गचित्रकार बहुधा घरीच असे. या महिन्यांत तो काय करीत होता, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून त्याच्या उन्हाळ्यातील कामाचाही अर्थ नीट लागत नाही.

महाराष्ट्रातील वाचकाला अशा वर्षचक्राची कल्पना अपरिचित नाही. येथे हिंडणे थांबते ते पावसाळ्यात. तमाशाचे फड मोडतात, दशावतारी मंडळींचे पेटारे बंद होतात, आणि कलावंत आपापल्या गावी शेतीकडे वळतात. उत्तर युरोपात ही विश्रांती थंडीने लादली. परंतु चित्रकाराच्या बाबतीत ती केवळ बाहेरच्या हिंडण्याची विश्रांती होती, कामाची नव्हे.

या दोन ऋतूंचा भेद भाषेतही उमटलेला दिसतो. कारेल व्हान मांडेर याने १६०४ साली प्रसिद्ध केलेल्या डच चित्रकारांवरील ग्रंथात दोन शब्दप्रयोग पुनःपुन्हा येतात. ‘नार हेत लेवेन’ म्हणजे प्रत्यक्षावरून, आणि ‘उइट डेन घेस्ट’ म्हणजे मनातून काढलेले. हे दोन प्रयोग आज परस्परविरोधी वाटतात. त्या काळच्या कारागिराला मात्र ती एकाच कामाची दोन अंगे वाटत. थोरल्या ब्रॉयगेलविषयी व्हान मांडेर सांगतो की, आल्प्स ओलांडताना त्याने सारे डोंगर आणि कडे जणू गिळून टाकले व घरी परतल्यावर ते फलकांवर ओकून काढले. उपमा ग्राम्य असली तरी तिच्यात कामाचा क्रम अचूक आला आहे. ग्रहण एका जागी होते, निर्मिती दुसऱ्या जागी; आणि मधल्या काळात पचनाची क्रिया चालू असते.

हा क्रम जॉन कॉन्स्टेबल (१७७६–१८३७) याच्या बाबतीत विशेष स्पष्टपणे तपासता येतो. कारण त्याची व त्याच्या आप्तांची पत्रे मोठ्या प्रमाणात उपलब्ध आहेत. सफोकमधील ईस्ट बर्गहोल्ट हे त्याचे जन्मगाव. स्टाउर नदीवरील फ्लॅटफर्डची गिरणी त्याच्या वडिलांच्या मालकीची होती. १८१६ पर्यंत त्याचा परिपाठ सामान्यतः असा होता की, उन्हाळा गावी घालवावा आणि हिवाळा लंडनमध्ये. १८१४ च्या उन्हाळ्यात त्याने फ्लॅटफर्डजवळ होडी बांधण्याच्या जागेचे एक चित्र उघड्यावरच पूर्ण केले, असे त्याचा चरित्रकार लेस्ली याने नमूद केले आहे. ते चित्र सुमारे ५१ सेंटिमीटर उंच आणि ६२ सेंटिमीटर रुंद आहे. ही मर्यादा ध्यानात घेण्याजोगी आहे. तयार तैलरंग त्या काळी जनावरांच्या मूत्राशयाच्या लहान पिशव्यांत भरून ठेवीत. मोठे कापड वाऱ्यात उभे राहत नसे. आणि प्रकाश तर घटकेघटकेला पालटत असे. एवढ्याच मापाची चित्रे काढून मोठ्या प्रदर्शनात लक्ष वेधून घेणे मात्र शक्य नव्हते.

१८१६ साली वडील वारले, आणि त्याच वर्षी कॉन्स्टेबलचा मराया बिकनेलशी विवाह झाला. १८१७ मधील मुक्कामानंतर गावचे दीर्घ वास्तव्य संपले. येथे एक विरोधाभास दिसून येतो. ज्या भव्य चित्रांमुळे स्टाउरचे खोरे जगाला ठाऊक झाले, ती सर्व या वियोगानंतरची आहेत. १८१९ मध्ये ‘पांढरा घोडा’, १८२० मध्ये ‘स्ट्रॅटफर्डची गिरणी’, १८२१ मध्ये ‘गवताची गाडी’ अशी सुमारे सहा फूट रुंदीची चित्रे एकामागून एक प्रदर्शनात आली. ती सर्व लंडनमधील घरी, मुख्यतः हिवाळ्यात, सिद्ध झाली.

‘गवताची गाडी’ या चित्राचा हिवाळा जवळजवळ महिन्यामहिन्याने लावता येतो. नोव्हेंबर १८२० मध्ये कॉन्स्टेबलने वॉटर्लू पुलाच्या उद्घाटनाचे चित्र हाती घेतले होते. ते पाहून जोसेफ फॅरिंग्टन या वडीलधाऱ्या चित्रकाराने त्याला सल्ला दिला की, मागील प्रदर्शनात यशस्वी झालेल्या चित्राशी मिळताजुळता विषय घ्यावा. फॅरिंग्टनच्या रोजनिशीत याची नोंद आहे. रॉयल अकादमीचे प्रदर्शन मे महिन्याच्या आरंभी उघडे आणि चित्रे एप्रिलमध्ये द्यावी लागत. म्हणजे हाती जेमतेम पाच महिने होते. आणि तेही लंडनच्या कोळशाच्या धुरातले, ज्यांत डिसेंबरचा दिवस आठ तासांचाही भरत नाही. या अवधीत त्याने आधी त्याच मापाचा एक संपूर्ण कच्चा आराखडा तैलरंगात रंगविला आणि नंतर मूळ चित्र नव्याने उभे केले. हा आराखडा आज व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात आहे. विली लॉटच्या घराची रेखाटने व छोटी तैलचित्रे त्याने पूर्वीच केली होती. त्यांपैकी काही दहा वर्षांइतकी जुनी होती. ती आता भिंतीवरून आणि वह्यांतून पुन्हा कामास आली.

तरीही एक उणीव राहिलीच. नदीत उभ्या असलेल्या गाडीची घडण त्याला नेमकी आठवेना. फेब्रुवारी १८२१ मध्ये भाऊ एब्राम याने गावातील तरुण जॉन डनथॉर्न याच्याकडून सुगीच्या गाडीची रेखाटने करवून ती लंडनला पाठविली. सोबतच्या पत्रात त्याने दोन गोष्टी कळविल्या. एक, डनथॉर्नला हे काम कडक थंडीत करावे लागले. आणि दुसरी, चित्रात अद्याप सगळेच करावयाचे राहिलेले दिसल्याने ते वेळेवर पुरे होईल अशी आशा आपणास फारशी वाटत नाही. मार्चच्या अखेरीस केपेल स्ट्रीटवरील त्या घरात तिसरे अपत्य जन्मले. काही आठवड्यांतच चित्र अकादमीत दाखल झाले. यादीत त्याचे नाव होते ‘निसर्गदृश्य : मध्यान्ह’. इंग्लंडच्या उन्हाळ्यातील दुपारचे प्रतीक म्हणून जे चित्र आज सर्वतोमुखी आहे, त्यातील गाडीचा नमुना एका माणसाने गारठलेल्या हातांनी उतरविला होता, आणि उरलेले चित्र दुसऱ्याने शहरातील घरी, मुदतीच्या धास्तीत, रंगविले होते.

या वस्तुस्थितीवरून चित्र खोटे ठरते काय? रूढ विभागणी स्वीकारली तर तसे म्हणावे लागेल. परंतु पुरावा निराळ्या दिशेने नेतो. गाडीच्या घडणीसाठी भर हिवाळ्यात गावी निरोप धाडणारा चित्रकार प्रत्यक्षाविषयी बेफिकीर नव्हता. घरात बसल्यामुळेच कोणती गोष्ट ठाऊक आहे आणि कोणती ठाऊक आहे असे केवळ वाटते, हे त्याला कळून आले. निसर्गासमोर असताना हा भेद जाणवत नाही. कारण विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर तेथे समोरच उभे असते. शिवाय हिवाळ्यातील गरजांनी पुढील उन्हाळ्याला वळण दिलेले दिसते. १८२१ आणि १८२२ च्या उन्हाळ्यात व शरदात हॅम्पस्टेड येथे त्याने केवळ आकाशाचे अभ्यास मोठ्या संख्येने केले. त्यांपैकी अनेकांच्या पाठीमागे तारीख, वेळ व वाऱ्याची दिशा लिहिलेली आहे. जो मनुष्य त्याच क्षणी चित्र पुरे करणार आहे, त्याला अशा नोंदीची गरज नसते. ही नोंद पुढे कधीतरी, बंद खोलीत, ते आकाश पुन्हा उभे करू पाहणाऱ्या स्वतःसाठीच आहे.

आर्थिक बाजूही दुर्लक्षून चालणार नाही. १८२१ च्या प्रदर्शनात ‘गवताची गाडी’ विकली गेली नाही. १८२४ मध्ये अॅरोस्मिथ नावाच्या व्यापाऱ्याने ती आणखी दोन चित्रांसह २५० पौंडांना घेतली. त्याच वर्षी पॅरिसच्या प्रदर्शनात ती झळकली आणि कॉन्स्टेबलला सुवर्णपदक मिळाले. तोपर्यंत सहा फुटी चित्रावर घालविलेला प्रत्येक हिवाळा हा वाढत्या कुटुंबाच्या जिवावर लावलेला डाव होता.

पुढील पिढीत हे वर्षचक्र संस्थारूप झाले. न्यूयॉर्कमध्ये १८५८ च्या सुमारास टेन्थ स्ट्रीटवर खास चित्रशाळांसाठी बांधलेली इमारत उघडली. उन्हाळ्यात डोंगरांत हिंडणारे चित्रकार थंडीत तेथे येऊन काम करीत. फ्रेडरिक चर्चचे अँडीज पर्वताचे १८५९ मधील प्रचंड चित्रही इक्वेडोरच्या प्रवासातील रेखाटनांवरून याच इमारतीत तयार झाले.

हे चक्र मोडण्यास १८४१ साली जॉन रँड याने पेटंट घेतलेली रंगाची धातूची नळी साहाय्यभूत झाली. रंग खिशात घालून नेता येऊ लागले. १८६८–६९ च्या हिवाळ्यात क्लोद मोने याने नॉर्मंडीतील बर्फाच्छादित दृश्यात फाटकावर बसलेल्या पक्ष्याचे ‘ला पी’ हे चित्र काढले. बर्फावरील निळसर छाया हाच त्याचा विषय होता. घरी बसण्याचा ऋतू आता बाहेर पडण्याचा ऋतू झाला. १८६९ च्या पॅरिस प्रदर्शनाने ते चित्र नाकारले. परंतु अखेर विजय त्याच्या पक्षाचा झाला, आणि त्या विजयाबरोबर चित्रशाळेतील हिवाळ्याची प्रतिष्ठा ओसरली.

येथे एक निष्कर्ष निघतो. हिवाळ्यातील महिने ‘शांत’ होते असे म्हणताना ती शांतता ऋतूची होती, हे विसरता कामा नये. कामाचे वेळापत्रक प्रदर्शनाची तारीख, रंगाची पिशवी व घराचा खर्च या गोष्टी ठरवीत होत्या. व्हान मांडेरच्या दोन शब्दप्रयोगांमधील नाते कॉन्स्टेबलच्या घरी अजून जिवंत होते. ज्या अर्थी त्याची मध्यान्ह फेब्रुवारीत रंगली, त्या अर्थी ‘प्रत्यक्ष’ या शब्दात पाहण्याइतकाच, पाहिलेले दूर अंतरावरून पडताळण्याचाही अंतर्भाव करावा लागतो.