थायरॉइडची गोळी सुरू असताना रक्ताचा रिपोर्ट कसा वाचायचा? टीएसएच 'नॉर्मल' आलं म्हणजे गोळी बंद करायची का?

थायरॉइडचा रिपोर्ट आता मोबाईलवर येतो. डॉक्टरांच्या आधी तो रुग्ण आणि घरातली मंडळी वाचतात. एखादा आकडा ठळक किंवा लाल अक्षरांत दिसला की काळजी सुरू होते. सगळे आकडे नॉर्मल दिसले की दुसराच प्रश्न पडतो, 'मग आता गोळी कशाला?'

या दोन्ही वेळी चूक होण्याची शक्यता असते. रिपोर्टवर छापलेली नॉर्मल रेंज ही थायरॉइडचा आजार नसलेल्या लोकांच्या तपासण्यांवरून ठरवलेली असते. जो माणूस रोज थायरॉक्सिनची गोळी घेतो, त्याचा आकडा वाचताना इतरही गोष्टी पाहाव्या लागतात. डोस किती आहे, तो शेवटचा कधी बदलला, गोळी कशी घेतली जाते आणि त्या रुग्णासाठी टीएसएच किती हवं आहे, हे माहीत असेल तरच आकड्याचा अर्थ लागतो.

तुर्भ्यात येणारे देशभरातले नमुने

थायरॉइडच्या तपासणीचं नवी मुंबईशी जुनं नातं आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले डॉ. ए. वेलुमणी यांनी १९९६ मध्ये थायरोकेअर ही कंपनी सुरू केली. त्यांची पीएचडीही थायरॉइडच्या जैवरसायनशास्त्रातली. गावोगावी रक्ताचे नमुने गोळा करायचे, विमानाने एका मध्यवर्ती प्रयोगशाळेत आणायचे आणि रातोरात तपासायचे, ही पद्धत या कंपनीने रुजवली. ती मध्यवर्ती प्रयोगशाळा तुर्भ्याच्या एमआयडीसीत आहे.

या तपासणीला एवढी मागणी असण्याचं कारण आजाराच्या प्रमाणात आहे. मुंबई आणि गोव्यासह ८ शहरांतल्या ५ हजारांहून जास्त प्रौढांची पाहणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात सुमारे ११ टक्के लोकांना हायपोथायरॉइडिझम, म्हणजे थायरॉइड हार्मोनची कमतरता आढळली होती.

तपासणी सोपी आणि स्वस्त झाली, पण रिपोर्टचा अर्थ लावणं तितकं सोपं झालेलं नाही.

टीएसएच नेमकं काय सांगतं?

टीएसएच हे थायरॉइड ग्रंथीचं हार्मोन नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. रक्तात थायरॉइडचं हार्मोन कमी पडलं की पिट्युटरी टीएसएच वाढवते आणि थायरॉइडला कामाला लावते. हार्मोन जास्त झालं की ती टीएसएच कमी करते. म्हणून टीएसएचचा आकडा उलटा वाचायचा असतो. टीएसएच वाढलं म्हणजे हार्मोन कमी पडतंय आणि टीएसएच घटलं म्हणजे हार्मोन जास्त होतंय.

थायरॉक्सिन, म्हणजे टी-४, थोडंसं कमी झालं तरी टीएसएच बरंच वाढतं. रक्तातलं फ्री टी-४ निम्म्यावर आलं तर टीएसएच साधारण शंभरपट वाढू शकतं. त्यामुळे टीएसएच ५ वरून १० वर गेलं म्हणजे आजार दुप्पट झाला, असा हिशेब करता येत नाही. तसंच एका रिपोर्टमध्ये २.१ आणि पुढच्यात २.९ आलं, तर तो बहुतेक वेळा शरीरातला नेहमीचा चढउतार असतो.

बहुतेक प्रयोगशाळांमध्ये प्रौढांसाठी टीएसएचची रेंज साधारण ०.४ ते ४ किंवा ५ च्या आसपास असते.

रिपोर्ट नॉर्मल आला, मग गोळी बंद?

सर्वांत जास्त गैरसमज इथेच होतो. थायरॉइड कायमचं मंदावलं असेल, तर गोळी ग्रंथीला बरं करत नाही. शरीरात जे हार्मोन तयार होत नाही, ते ती बाहेरून पुरवते. त्यामुळे गोळी सुरू असताना आलेलं नॉर्मल टीएसएच हे 'आजार गेला' याचं लक्षण नसून 'डोस बरोबर बसला' याचं लक्षण आहे.

गोळी बंद केल्यावर लगेच काही जाणवत नाही. टी-४ चं अर्धं प्रमाण शरीरातून जायला सुमारे ७ दिवस लागतात. पहिले काही दिवस बरे जातात आणि गोळीची गरज नव्हतीच, असं वाटू लागतं. थकवा, बद्धकोष्ठता, सूज, थंडी वाजणं, पाळीच्या तक्रारी ही लक्षणं हळूहळू परततात. तोपर्यंत त्यांचा संबंध बंद केलेल्या गोळीशी लावणंही सुचत नाही.

काही जणांची थायरॉइडची कमतरता तात्पुरती असते, उदाहरणार्थ बाळंतपणानंतर येणारी. त्यांची गोळी पुढे थांबवता येऊ शकते. पण तो निर्णय डॉक्टर घेतात आणि त्यानंतरही तपासण्या सुरू ठेवतात.

डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवडे का थांबायचं?

समजा, डोस ५० मायक्रोग्रॅमवरून ७५ केला. रक्तातलं टी-४ नव्या पातळीवर स्थिरावायला ५ ते ६ आठवडे लागतात. पिट्युटरीचा प्रतिसाद त्याच्या मागून येतो. दोन आठवड्यांनी तपासणी केली तर टीएसएच अजून वाढलेलंच दिसेल आणि नवा डोसही कमी पडतोय असं वाटेल. त्यावरून डोस पुन्हा वाढवला, तर काही आठवड्यांनी तो जास्त होतो.

म्हणून डोस किंवा गोळीचा ब्रँड बदलल्यानंतर पुढची तपासणी साधारण ६ ते ८ आठवड्यांनी करतात. आकडा स्थिरावला की सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासणी बहुतेकांना पुरते.

टीएसएच आणि फ्री टी-४ एकत्र कसे वाचायचे?

- टीएसएच जास्त, फ्री टी-४ कमी: डोस अपुरा आहे, गोळ्या चुकताहेत किंवा गोळी नीट शोषली जात नाही.
- टीएसएच जास्त, फ्री टी-४ नॉर्मल: डोस थोडा कमी पडतोय किंवा तो नुकताच वाढवला आहे.
- टीएसएच जास्त, फ्री टी-४ ही वरच्या टोकाला: महिनाभर गोळ्या चुकल्या आणि तपासणीआधी दोन-चार दिवस नियमाने घेतल्या, तर असं चित्र दिसू शकतं. टी-४ लगेच वाढतं, टीएसएच मात्र मागच्या काही आठवड्यांचा हिशेब दाखवतं.
- टीएसएच कमी, फ्री टी-४ जास्त: डोस जास्त होतोय. असं दीर्घकाळ राहिलं तर हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा आणि हाडं ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. वयस्कर लोकांनी आणि पाळी थांबलेल्या महिलांनी याकडे विशेष लक्ष द्यायला हवं.
- टीएसएच कमी, फ्री टी-४ नॉर्मल: डोस किंचित जास्त असू शकतो किंवा तो नुकताच कमी केलेला असू शकतो.

अनेक पॅकेजमध्ये 'टी-३, टी-४, टीएसएच' एवढंच असतं. त्यातलं टी-४ 'टोटल' असतं, म्हणजे रक्तातल्या प्रथिनांना चिकटलेलं हार्मोनही त्यात मोजलं जातं. गरोदरपणात किंवा गर्भनिरोधक गोळ्या सुरू असताना ही प्रथिनं वाढतात आणि टोटल टी-४ उगाचच जास्त दिसतं. अशा वेळी फ्री टी-४ उपयोगी पडतं.

रक्त देण्याच्या दिवशी काय पाळायचं?

सकाळी सहाला गोळी घेतली आणि सातला रक्त घेणारा घरी आला, असं अनेक घरांत होतं. गोळी घेतल्यावर २ ते ४ तास फ्री टी-४ तात्पुरतं वाढलेलं असतं. म्हणून आधी रक्त द्यावं आणि मग त्या दिवसाची गोळी घ्यावी. त्याने टीएसएचमध्ये लगेच फरक पडत नाही, पण टी-४ चा आकडा फसवत नाही.

थायरॉइडच्या तपासणीसाठी उपाशी असणं सक्तीचं नाही. पण टीएसएच रात्री जास्त आणि दुपारी कमी असतं. त्यामुळे दर वेळी साधारण त्याच वेळेला रक्त द्यावं. शक्यतो प्रयोगशाळाही तीच ठेवावी, कारण यंत्र आणि पद्धत बदलली की आकडाही थोडा बदलतो.

केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांची माहिती डॉक्टरांना जरूर द्यावी. काही तपासणी पद्धतींमध्ये बायोटिनमुळे टीएसएच खोटंच कमी आणि टी-४ खोटंच जास्त दिसतं. रुग्ण ठणठणीत असतो, पण रिपोर्टवरून डोस जास्त झाल्यासारखं वाटतं. तपासणीआधी किमान दोन दिवस बायोटिन बंद ठेवण्याचा सल्ला दिला जातो.

डोस तोच, तरी टीएसएच का वाढतं?

अशा वेळी डोस वाढवण्याआधी गोळी कशी घेतली जाते ते पाहायला हवं. थायरॉक्सिन रिकाम्या पोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायचं असतं. त्यानंतर चहा, कॉफी आणि नाश्त्यासाठी अर्धा ते एक तास थांबायचं. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या थायरॉक्सिनला आतड्यात अडवतात, म्हणून मध्ये ४ तासांचं अंतर हवं. ॲसिडिटीच्या गोळ्या रोज घेतल्यानेही शोषण कमी होऊ शकतं. ज्यांना सकाळी जमत नाही, ते डॉक्टरांना विचारून रात्री, जेवणानंतर किमान तीन तासांनी गोळी घेऊ शकतात.

वजन बरंच वाढणं, गर्भधारणा आणि फिट्स किंवा टीबीची काही औषधं यांमुळेही डोसची गरज वाढते.

प्रत्येकाचं लक्ष्य वेगळं

गरोदरपण: आधीपासून गोळी सुरू असलेल्या महिलांना गर्भधारणा होताच साधारण २५ ते ३० टक्के जास्त डोस लागतो. टीएसएच सहसा २.५ च्या खाली ठेवतात. पहिल्या सहामाहीत दर ४ आठवड्यांनी तपासणी केली जाते. पहिल्या महिन्यांत बाळाच्या मेंदूची वाढ आईच्या हार्मोनवर अवलंबून असते. त्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह येताच डॉक्टरांना कळवावं, पुढच्या भेटीची वाट पाहू नये.

सत्तरी ओलांडलेले लोक: या वयात टीएसएच थोडं जास्त चालतं, अनेकदा ४ ते ६ पर्यंत. ते खाली आणण्याच्या नादात हृदयावर ताण येऊ नये, हे जास्त महत्त्वाचं.

थायरॉइडचा कॅन्सर: शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांचं टीएसएच मुद्दाम कमी ठेवतात, कारण टीएसएचमुळे उरलेल्या कॅन्सरपेशी वाढू शकतात. खारघरच्या ॲक्ट्रेकमध्ये किंवा परळच्या टाटा रुग्णालयात उपचार घेतलेल्या अशा रुग्णाच्या रिपोर्टवर 'लो' लिहून आलं, म्हणून दुसरीकडे परस्पर डोस कमी करून घेऊ नये.

पिट्युटरीचा आजार: इथे टीएसएच तयार करणारी ग्रंथीच बिघडलेली असते. अशा रुग्णांचा डोस टीएसएचवरून न ठरवता फ्री टी-४ वरून ठरवतात.

आकडा नॉर्मल, तरी थकवा?

टीएसएच योग्य असूनही थकवा, केस गळणं, वजन वाढणं सुरू असेल, तर कारण दुसरीकडे शोधावं लागतं. हिमोग्लोबिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, झोप आणि मानसिक ताण यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. नुसता थायरॉक्सिनचा डोस वाढवून हा थकवा जात नाही. अँटी-टीपीओ ही अँटीबॉडीची तपासणी निदानाच्या वेळी उपयोगी असते. डोस ठरवायला ती पुन्हा पुन्हा करण्याची गरज नसते.

छातीत धडधड, हात थरथरणं किंवा कारण नसताना वजन घटणं सुरू झालं, तर पुढच्या ठरलेल्या तपासणीपर्यंत थांबू नये. खूप सुस्ती किंवा गोंधळल्यासारखं होत असेल, तर तातडीने रुग्णालयात जावं.

रिपोर्ट डॉक्टरांना पाठवताना चार गोष्टी सोबत लिहाव्यात: सध्याचा डोस, तो कधी बदलला, महिन्यात किती गोळ्या चुकल्या आणि इतर कोणती औषधं सुरू आहेत. रिपोर्टच्या कागदावर ही माहिती नसते आणि डोसचा निर्णय मात्र तिच्याशिवाय घेता येत नाही.